निळ्या टोपणाची नळी

—नाही, दोन नंबरच्या खिडकीवर नाही जायचं मला. चिठ्ठीवर तसंच लिहिलंय, दिसतंय मला, नंबर सतरा, खिडकी दोन, डॉन फेर्मिन. माणूस चांगलाच आहे हो तो, बाळंतपणाच्या वेळी माझं रक्त त्यांनीच काढलं होतं — चौथ्या टोचणीला. माझी काही तक्रार नाही. म्हणजे — तक्रार हा शब्द आज मी तोंडातून काढायलाच नको. पण सेन्योरिता नायरा, मला तुमच्याकडेच यायचंय. असं नका ना बघू. खरं तर बघतसुद्धा नाही आहात, सुयांचा ट्रे लावताय, लावा, सावकाश लावा, मी बसते इथं स्टुलावर. येर्को, झिप चावू नकोस. काल संध्याकाळपासून उपाशी आहे, म्हणून जॅकेट खातोय. हे झालं की मक्याचं गरम गोड आपी प्यायला आणि दोन तळलेली पास्तेल खायला, असं कबूल केलंय त्याला. रात्री एक पास्तेल होतं, सकाळी शाल पांघरताना दोन झाली, इथल्या पायऱ्या चढेपर्यंत त्यावर पिठीसाखर आली.

हे बघा, गेल्या सोमवारी तुम्हाला पहिल्याच टोचणीत शीर सापडली. पाच वर्षांच्या पोराची! ओरुरोच्या या पठारावरच्या थंडीत, जिथं मोठ्या माणसांच्या शिरासुद्धा हाडाला बिलगून बसतात. आणि नंतर त्या पट्टीवर तुम्ही लामा काढून दिला होता, आमचा लांब मानेचा, लोकरीचा प्राणी, वर चष्मा घातलेला. आठ दिवस त्यानं ती पट्टी काढू दिली नाही, अंघोळसुद्धा दंड वर धरून. आता तो डॉन फेर्मिनकडे जाईल का? मीच जाणार नाही. — काय? हो, ऐकलंय मी. कालपासून लहान मुलांचं रक्त काढायचं नाही असं सांगितलंय तुम्हाला, इथल्या मोठ्या डॉक्टर अरिस्पेंनी. त्या तक्रारवहीमुळे. बाहेर टेबलावर दोरीनं बांधलेली असते ती वही. माहीत आहे मला. माझ्या नवऱ्यानं, रोलान्दोनं, लिहिलं ते. रागीट नाही हो तो, मिनीबस चालवतो, माणूस साधा, आई आणि बायको यांच्यामध्ये आला की गाडी न्यूट्रलला टाकून बसणारा. पण काल त्याची मान तापली. का तापली, तेच सांगायला आलेय. म्हणजे सांगायला नव्हते आले, रक्त द्यायला आलेय, पण तुम्ही बोलतच नाही म्हटल्यावर कुणीतरी बोलायला हवं ना?

त्या रिपोर्टनं घात केला बघा. रक्त गोठायला लागणारा वेळ — पस्तीस सेकंदांपर्यंत चालतो, असं शेजारी बारीक छापलेलं असतं, आणि याच्या नावापुढे एकसष्ट. एकसष्ट! आणि वर एक तारा. मी पाचवीच्या वर्गाला शिकवते, मी वहीवर तारा दिला की पोरं नाचत घरी जातात. मला हा पहिलाच तारा असा मिळाला की मी तो बोटानं पुसून बघितला. मग मी फोनवर वाचलं. वाचू नये. मीच वर्गात सांगते की फोनवर काहीही वाचत बसू नका. सव्वा तास वाचलं. त्यात होतं की रक्ताची ही खोड बहुतेक वेळा आईकडून मुलाकडे येते. बापाकडून नाही. आणि हे मी — माझं शहाणपण बघा — मोठ्यानं वाचलं. सासूबाईंसमोर.

माझ्या सासूबाई म्हणजे दोन्या फ्लोरेन्तिना, तुम्ही ओळखत असाल, बाजारात बटाट्याच्या ओळीत पहिली गादी त्यांची. त्यांनी हातातला चमचा खाली ठेवला. त्या जेवताना चमचा खाली ठेवतात तो फक्त मयताची बातमी आली तर. म्हणाल्या, "आमच्या चार पिढ्या खाणीत गेल्या. माझ्या दिराचं बोट गाड्याखाली सापडलं, जेवणाच्या सुट्टीपर्यंत खपली धरली होती. आमचं रक्त चमच्यानं वाढून घ्यावं इतकं दाट. तू आपल्या माहेरचं बघ, पोरी." आणि मग निघाला माझा इलारियोन मामा. त्याचा दात काढला तेव्हा चार दिवस रक्त थांबत नव्हतं, हे मीच कधीतरी लग्नाआधी कौतुकानं सांगून बसले होते. अहो, चार दिवस तो चिचा पीत होता, मक्याची दारू! चुळा भरून भरून पीत होता! थांबेल कसं? पण ऐकतो कोण. तिकडून माझी आई फोनवर — "त्यांना विचार, त्यांच्या धाकट्या बहिणीचं नाक दर कार्निव्हलला का फुटतं?" मी विचारलं. विचारायला नको होतं. सासूबाई म्हणाल्या, "सैतानाच्या नाचात शेजारणीच्या मुखवट्याचं शिंग लागतं म्हणून फुटतं! आमच्या घरातल्या बायका नाचतात तरी!" म्हणजे मी नाचत नाही तेही त्यात आलं. रोलान्दो न्यूट्रलला.

हसलात? नाही. बरं. मला वाटलं मास्क हलला.

चार दिवस या पोराला मी काचेच्या भांड्यासारखं सांभाळलं. सुरी, कात्री, काटे, टोक असलेलं सगळं कपाटावर. पावाला लोणी चमच्याच्या पाठीनं. सासूबाई दात घासायच्या ब्रशवर बोट फिरवून बघायच्या, मऊ आहे ना. आणि रोज सकाळ-संध्याकाळ बीटाचा रस, वर काळ्या माल्टात फेटलेलं अंडं, गेलेलं रक्त भरून यायला. मी म्हटलं, सासूबाई, गेलेलं रक्त शरीर आपलं आपण भरून काढतं, हाडांच्या आत तयार होतं, मी फळ्यावर चित्र काढते त्याचं, लाल खडूनं. त्या म्हणाल्या, "खडूनं काय, कुणीही भरून काढेल."

— होय होय, बाही वर करते त्याची. म्हणजे तुम्ही घेणार? नाही? फक्त दंड बघताय. बघा. डावा बघा, उजव्याचा लामा अजून आहे.

तर शुक्रवारी हा पळाला. जिन्यावरून. चार पायऱ्या, गुडघ्यावर. मी अशी किंचाळले की शेजारचा कुत्रासुद्धा गप्प झाला. आणि गुडघा फुटला, रक्त आलं, आणि — थांबलं. मी मनात आकडे म्हणतेय, आणि चाळीसच्या आत हा उठून विचारतो, "आता पळू?" संध्याकाळपर्यंत मस्त कडक खपली. सासूबाईंनी त्या खपलीचा मुका घेतला, म्हणाल्या, "बघ! आमचं रक्त!" आणि मी? खपली बघून आईला आनंद व्हायला हवा ना? मला नाही झाला. कारण मला सोमवार आठवला. या स्टुलावर मी, मांडीवर हा, आणि तुम्ही म्हणत होतात, "अजून थोडं, सेन्योरा, रेघेपर्यंत, अजून थोडं—"

तरी मी गप्प. शनिवार गप्प, रविवार गप्प. काल डॉक्टर उर्किदींचा फोन आला, कोचाबाम्बाहून. ते इथं महिन्यातून एका गुरुवारी येतात, येर्कोचे टॉन्सिल या गुरुवारी काढायचे आहेत, म्हणजे परवा. हा गुरुवार चुकला तर मग कार्निव्हल, आणि कार्निव्हल आला की या गावात दुखता दातसुद्धा कुणी काढत नाही. म्हणजे आणखी दोन महिने. आणि याचा घसा इतका सुजलेला आहे की झोपेत श्वास अडकतो, सेन्योरिता. थांबतो. मी उशाशी बसून मोजते. बारापर्यंत गेलंय एकदा. या उंचीवर धडधाकट माणसाला धाप लागते, याला तर हवा आत जायला वाटच नाही. म्हणून हे सगळं. नाहीतर मी कशाला येऊन तुमचं डोकं खाल्लं असतं?

तर डॉक्टर म्हणाले, "सेन्योरा, मला मुलापेक्षा त्या नळीची शंका येतेय. निळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून आधीच औषध घातलेलं असतं, अगदी मापून. रक्त रेघेपर्यंत आलं तर प्रमाण बरोबर. कमी पडलं तर औषध जास्त होतं, आणि धडधाकट माणसाचं रक्तही गोठायला वेळ लावतं. नळी पूर्ण भरली होती का?" तुम्हाला काय वाटतं, मी काय सांगितलं असेल? मी म्हटलं, "ते मला काय माहीत डॉक्टर, ते प्रयोगशाळेच्या लोकांनी बघायचं." शिक्षिका आहे मी! पोरं असं म्हणाली तर मी त्यांना बाकावर उभं करते. आणि फोन ठेवला तर समोर रोलान्दो, "म्हणजे त्या मुलीनं नळी अर्धी भरली?" आणि मी मान हलवली. नुसती मान. मान हलवणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, असं मला काल दुपारपर्यंत वाटत होतं.

मग आम्ही इथं आलो. तुम्ही जेवायला गेला होतात. वही त्यानं ओढली, पेन त्यानं धरलं — आणि — ठीक आहे. अक्षर त्याचं. वाक्यं माझी. 'सदर कर्मचारी मुलीने निष्काळजीपणे नमुना अपुरा घेऊन' — रोलान्दोला 'सदर' म्हणजे काय ते अजूनही ठाऊक नाही. 'निष्काळजीपणे'मध्ये तो दोनदा अडला, मी स्पेलिंग सांगितलं. खाली सही दोघांची, माझी आधी.

अगं, तुझा हात मी धरला होता! — माफ करा. तुमचा. तुमचा हात मी धरला होता, मनगट असं घट्ट, आणि बस बस बस म्हणून ओरडले होते मी, आणि सुई निघाली. नळी अर्ध्यावर. का ओरडले ते सांगितलं तर तुम्ही हसाल. मला आजी होती, कासिमिरा, पार वर डोंगरात राहायची. ती म्हणायची, रक्त म्हणजे झऱ्याचं पाणी नव्हे, उपसलं की भरायला. देवानं ज्याचं त्याला एकदाच माप घालून दिलंय, गेलं ते गेलं. नर्स गावात आली की ती आम्हा नातवंडांना मेंढ्यांच्या गोठ्यात लपवायची. मी शिकले, परीक्षा दिल्या, लाल खडूनं हाडं काढली, दरवर्षी चाळीस पोरांना सांगते की रक्त रोज नवं तयार होतं आणि ज्याला पटत नाही त्याचे दोन गुण कापते. आणि माझ्या पोराचं रक्त त्या नळीत चढताना दिसलं — तर बोलली कोण? मी नाही, कासिमिरा बोलली. माझ्या तोंडानं. दोन गुण माझेच गेले. आणि तुम्ही ती नळी टाकून द्यायला हवी होती, हेही खरं, पण मग त्याला पुन्हा टोचावं लागलं असतं, आणि मी रडत होते. तो नाही. तो बघत होता, तुम्ही लामा कुठं काढताय ते. तुम्हाला माझी दया आली, आणि मी त्या दयेला वहीत निष्काळजीपणा लिहिलं.

द्या ती वही. दोरी पुरत नाही? मग मी जाते तिकडे. येर्को, बस इथंच, सेन्योरिता जवळ आहेत. — हे पेन थंडीनं उठत नाहीये, जरा फुंकर घालते — हं. ऐका. 'वरील मजकूर खोटा आहे. मुलाची आई म्हणून नळी भरण्याआधी हात मी धरला. कर्मचारी मुलीने दोन वेळा रेघेपर्यंत भरू द्या असे सांगितले होते.' दोनच वेळा ना? तीन? तीन लिहिते. 'कृपया त्यांना मुलांचे रक्त काढू द्यावे.' सही. ओळखपत्राचा नंबर. रोलान्दोची सही नाही, त्याला घरी गेल्यावर सांगेन. सासूबाईंनाही सांगेन. नाही, सासूबाईंना रोलान्दो सांगेल. — डॉक्टर अरिस्पे! इकडे या ना जरा, हे वाचा. हो, मीच लिहिलंय. हो, शुद्धीवर आहे. वाचलंत? मग यांना हो म्हणा, पोर उपाशी आहे, दुपारच्या आत रिपोर्ट कोचाबाम्बाला जायला हवा. — थॅंक्यू. काय म्हणालात? हो, लाज वाटतेय, त्यासाठी वेगळा रकाना नव्हता.

बघा, सेन्योरिता, हो म्हणाले. काढा तुम्ही नवी नळी. हीच ना रेघ? केवढीशी नळी हो ही, चिमणीचं पोटसुद्धा भरायचं नाही, आणि सोमवारी मला बादली दिसत होती. येर्को, राजा, हात ताठ. मी धरते त्याला, मांडीवर घेते, मी अजिबात — आज मी अजिबात काही — ते रबर बांधताय का? किती घट्ट बांधता हो? नाही, बांधा, बांधा. सुई तीच का, जरा बारीक नसते — नाही. ऐका. ते 'बस बस' आत्ताच माझ्या जिभेवर आलं होतं. माझं नाही, कासिमिराचं. इथं थांबले तर मी पुन्हा तुमचा हात धरेन, वहीत काहीही लिहिलेलं असो. म्हणून मी बाहेर जाते. येर्को, मम्मी दाराशीच आहे, तू सेन्योरितांना सांग या वेळी कुठला प्राणी हवा ते. आणि सेन्योरिता, दाराला आतून कडी आहे ना? घाला. मी ठोठावलं, काही म्हटलं, रडले, आजारी पडले, तरी उघडू नका. रेघेपर्यंत. भरवसा तुमचा आहे मला, माझा नाही. — घाला, घाला कडी.