तीन उद्गारचिन्हांचा नियम

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजेच आमचे संचालकसाहेब, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती टर्मिनलकाका, पहिल्या रांगेत बसलेल्या काकू, आणि चहाच्या टेबलाकडे डोळे लावलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

या नकाशा कार्यालयाचे संगणक काकांनी तेवीस वर्षं सांभाळले. आपण ईमेल माउसने उघडतो. काकांसमोर नुसता काळा पडदा आणि पांढरी अक्षरं, म्हणजे टर्मिनल; त्यांचं नावही त्यावरूनच पडलं. एक कळ दाबली की पुढचं पत्र, दुसरी दाबली की पत्राला मूठमाती! मी एकदा विचारलं, "काका, यात चित्रं दिसत नाहीत?" म्हणाले, "म्हणूनच तर वापरतो."

पण त्यांची खरी करामत म्हणजे स्वतःला येणाऱ्या पत्रांची चाळणी. कुठलं पत्र कुठल्या कप्प्यात जाणार, याचे नियम त्यांनी एका फाइलीत एकाखाली एक लिहिलेत. वरून खाली जो पहिला जुळेल, तो लागू. सगळ्यात वरचा नियम काकूंचा: यांचं पत्र कुठेही अडकवू नये. लाजू नका काकू, फाइलीत तसंच आहे. दुसरा नियम: विषयात तीन किंवा जास्त उद्गारचिन्हं दिसली, की पत्र न वाचता अडगळीत.

आता अध्यक्षमहोदय, राग मानू नका, पण आपण "जिन्यातला दिवा बदलला" यालाही पाच उद्गारचिन्हं देता.

मी काकांची शिष्या, उद्यापासून त्यांच्या जागेवर. काल कामाचा ताबा घेताना मी ती अडगळ उघडली. चार हजार एकशे बारा पत्रं! बहुतेक साहेबांची. त्यातलं एक तीन महिन्यांपूर्वीचं: "आणखी दोन वर्षं राहाल का!!!!!"

काका, असं साहेबांकडे बघू नका, ते पत्र तुमच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

साहेबांना वाटलं, साधं उत्तरही नाही, केवढा हा ताठा! काकांना वाटलं, तेवीस वर्षं राबलो, पण राहा म्हणायला कुणाचं तोंड उघडलं नाही. तीन महिने दोघं एकाच जिन्यावरून तोंड फिरवून चढत-उतरत होते. आम्ही बघत होतो, पण कारण कुणाला ठाऊक?

ते पत्र मी छापून आणलंय. घ्या काका. सावकाश चष्मा पुसा, मी थांबते.

खोटं कशाला बोलू? मला काका हवे आहेत. त्यांच्या हाताखाली तीन वर्षं शिकले, तरी काल कँटीनवाल्या ताईंना जेवणाच्या ऑर्डरी जाव्यात म्हणून कार्यालयाच्या मोठ्या चाळणीत एक नियम लिहिला, त्यात 'फक्त ऑर्डरी' ही अट घालायची विसरले, आणि तो ठेवला सगळ्यात वर. सकाळपासून अख्ख्या कार्यालयाची पत्रं ताईंकडे जातायत. ताईंनी दोन रजा मंजूरही करून टाकल्या.

साहेब, तुमचं आमंत्रण अजून कायम आहे ना? मान हलली, सगळ्यांनी पाहिली. काकू, निवृत्तीनंतर काकांकडून माळा आवरून घेणार होतात, तो दोन वर्षं थांबेल? काकू हसल्या!

आपण शांतपणे ऐकलंत, मी मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. नियमात जे झालंय, ते मात्र काकांनीच निस्तरायचं आहे. आणि काका, काय ते उत्तर इथंच, तोंडी द्या. ईमेल केलंत, तर मंजुरी ताई देतील.