घुशीची कोंबडी

सासू : हसला म्हणजे? तो दुकानदार तोंडावर हसला?

सून : तोंडावर, आई. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. माझं कार्ड वर धरून म्हणाला, "ही कोंबडी आहे की घूस?"

सासू : मेल्याच्या जिभेला हाड नाही. भेटकार्डं विकतो म्हणजे चित्रकार झाला काय! दाखव बरं मला. ... अगंबाई, घूसच दिसतेय की.

सून : आई!

सासू : शिव्या मी त्याला देईन, पण डोळे मिटून नाही देणार. हे काळं काय पसरलंय?

सून : रबरी शिक्क्यानं कोंबडी नि तिची पिल्लं उमटवली. पंखांत ब्रशनं ओला रंग भरायला गेले, तर शिक्क्याची शाईच सुटली. आता म्हणतो, संध्याकाळपर्यंत धड नमुना आणा, नाहीतर दुकानाच्या दर्शनी काचेतली जागा दुसऱ्या कुणाला.

सासू : मग नाक काय पुसतेस? काढ शिक्का. पाणी नडतंय ना, रंगीत पेन्सिली घे.

सून : त्या घेऊन झाल्या. हे बघा, नुसत्या रेघोट्या दिसतात.

सासू : कापसाच्या बोळ्यानं थेंबभर तेल फिरव वरून.

सून : अय्या! रंग कसा एकजीव झाला!

सासू : नाचू नकोस. कागद उलटा कर.

सून : ... डाग. आरपार.

सासू : तळण गुंडाळल्यासारखा. टाक तो.

सून : शिक्क्यावरच स्केचपेन फिरवलं तर? तुरा लाल, अंग तपकिरी, आणि एकदम दाबायचं.

सासू : दाब. ... तुरा आला. कोंबडी कुठाय?

सून : तुरा रंगवेपर्यंत बाकीचं वाळलं.

सासू : चष्मा पुसताना देतेस तशी तोंडाची वाफ दे शिक्क्याला, मग दाब.

सून : हाऽऽ... आली! सगळी आली, आई! पण नुसती बाह्यरेघ. पंख कोरेच.

सासू : ही रेघ पाण्यानं सुटते?

सून : सुटते ना, तेच तर दुखणं.

सासू : दुखणं कसलं? कच्च्या रंगाच्या चादरी धुण्यात जन्म गेला माझा. सुटणारा रंग सुटतोच, फक्त कुठं सुटायचं ते आपण ठरवायचं. दुसरा रंग घेऊच नकोस. ओला ब्रश रेघेला लाव आणि तिचाच रंग आत ओढ.

सून : मुळाशी गडद... टोकाला फिका... आई, पिसं! एकेक पीस वेगळं दिसतंय!

सासू : ओरडू नकोस, हात हलेल. पिल्लं राहिलीत अजून.

(त्याच संध्याकाळी, दुकानात.)

दुकानदार : हे छापील आहे?

सून : हातचं आहे.

दुकानदार : रंग परदेशी दिसतात.

सासू : स्केचपेन घरातलं, पाणी नळाचं.

दुकानदार : म्हणजे... ही सकाळचीच कोंबडी?

सून : सकाळचाच शिक्का.

दुकानदार : कमाल आहे! पुढच्या काचेत लावतो, अगदी मधोमध. अजून वीस करून द्या. आणि आजी, सकाळी जरा थट्टा केली मी. तुमच्या सूनबाईंना सांगा, मनावर घेऊ नका म्हणावं.

सासू : माझ्याकडं नका बघू, तिच्याकडं बघा. चूक दाखवलीत, ते दुकानदाराचं काम. चार माणसांत हसलात, ते हलकं काम.