टाकीतला हात

पाण्याचा टँकर सांगायच्या रांगेत शनेल बाळाला खांद्यावर थोपटत उभी होती. बर्म्युडात घरोघरी छपरावर पडलेलं पावसाचंच पाणी घराखालच्या टाकीत साठवून पितात, पण पुढच्या म्हाताऱ्या भावंडांची टाकी रिकामी झाली होती. त्यांच्या आवाजाने बाळ उठेल, याचा शनेलला घोर लागला होता.

“छपराला चुना देताना टाकीचा पाइप बुजवायचा, हे इथं पोरांनाही कळतं, एल्डन.”

“विसरलो गं.”

“तू विसरलास, पाऊस नाही विसरला. सगळा चुना टाकीत उतरला, अख्खी टाकी उपसावी लागली. बाबांनी बांधल्यापासून कधी कोरडी पडली नव्हती.”

“म्हणून तर आत उतरलो. ओल्या गिलाव्यात बाबांनी आपल्या सगळ्या भावंडांचे हात उमटवले होते ना, ते बघायला.”

“तुमचे हात. मी तान्ही होते, माझा राहिला. जन्मभर हेच ऐकवलंस.”

“ऐकवलं खरं. पण तुझाही आहे, डेलमिरा. अगदी खाली, लिंबाएवढा.”

रांग सरकली. डेलमिरा हलली नाही. मग मागे वळून शनेलला म्हणाली, “तू हो पुढे, पोरी.”

“अगं, आणि आपला टँकर?”

“उद्या सांगू. आधी घरी चल आणि शिडी धर. तेवढं तरी विसरू नकोस.”