फटीतलं लव्हाळं

डीलिया : अरे, मोळी खाली तरी ठेवू दे, फिंटन! खांदा भरून आला माझा. दरवर्षी लव्हाळं आलं की खूश होतोस, आज दारातच अडवतोस?

फिंटन : ठेव. पण... परत न्यावी लागेल गं.

डीलिया : का? ओलं आहे? एक काडी मोडून बघ. पिंपाच्या फटीत कोंबलं की थेंब गळायचा नाही.

फिंटन : लव्हाळं झकास आहे. व्हिस्कीची भट्टीच बंद होतेय. शुक्रवारपासून.

डीलिया : दुरुस्तीला?

फिंटन : कायमची. मुकादम म्हणून मला आधी सांगितलं साहेबानं. व्हिस्कीच नाही, तर पिंपं कुणाला हवीत?

डीलिया : आणि तुम्ही सगळे?

फिंटन : भाऊ आहे माझा तिकडे इंग्लंडात, कॉव्हेंट्रीला. मोटारीच्या कारखान्यात चिकटवतो म्हणतोय.

डीलिया : तुला? सायकलची चेन बसवता येत नाही तुला!

फिंटन : हसू नकोस.

डीलिया : मग काय करू? नवरा गेल्यापासून कंबरभर पाण्यात उभी राहून हेच कापतेय मी. उना काय म्हणाली?

फिंटन : तिला... अजून नाही सांगितलं.

डीलिया : बायकोच्या आधी मला?

फिंटन : तू मोळी घेऊन समोर आलीस. खोटं कसं बोलू? उनाचे वडील, आजोबा, सगळे याच आवारात पिंपं बांधत आले. मरताना सासऱ्यांनी आपली हत्यारं माझ्या हातात दिली. कुठल्या तोंडानं सांगू तिला?

डीलिया : ते कोपऱ्यातलं पिंप झिरपतंय का रे? वास येतोय.

फिंटन : झिरपू दे. कालच भरलंय. वर्षानुवर्षं मुरून ते उघडायची वेळ येईल तेव्हा इथे कोण असणार?

डीलिया : असेल कुणीतरी. आपल्याला ओळखणार नाही, एवढंच. ये, मी फटीत लव्हाळं धरते, तू ठोक.

(हातोडीचे ठोके.)

फिंटन : थांबलं झिरपायचं.

डीलिया : हं.

फिंटन : तू काय करशील आता?

डीलिया : बघू. तसंही पाणी यंदा फार गार लागत होतं. चल, कोट घाल.

फिंटन : कुठे?

डीलिया : तुझ्या घरी. चर्चबाहेर दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत उनाला तुझ्याकडून कळू दे.

फिंटन : तू बोलशील ना तिच्याशी?

डीलिया : मी फाटकापर्यंत येते. आत तू एकटा जा.