खाकी कव्हरातलं जीवशास्त्र

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं मेनूर! बोल बाळा… नाही नाही, येतंय ऐकू. तो आवाज तेलाचा आहे, सोयाबीनचा तेम्पे तळतेय… हो, अजून ठेल्यावरच. रविवार ना आज. सकाळी सगळं मादियुन शहर धावायला बाहेर पडतं आणि धावून झालं की माझ्याकडे भाज्यांवर दाण्याची चटणी घातलेलं पेचेल दोन-दोन पानं चापतं. मग धावलात कशाला, मी म्हणते… तू खाल्लंस का?… काय खाल्लंस?… शी! सुराबायात त्याला चटणी म्हणतात? नुसतं साखरपाणी ते.

…काय? कुणी सांगितलं?… बाबांनी? बघ! या माणसाला पंचवीस वर्षांत 'वाढ जेवायला' याच्या पुढचं वाक्य सुचलं नाही, आणि तुला मात्र घरबसल्या बातम्या पुरवतो. काय म्हणाले?… भात करपला? एकदा करपला… बरं, दोनदा… बरं बाई, तीनदा! पण पुस्तकच तसं होतं, मी काय करू?

…हो… उघडला… हो, तुझाच खोका. कपाटावरचा… ओरडतेस काय! गिऱ्हाइकांना ऐकू जातंय. अगं ऐक ना आधी… ऐकशील का?

आमच्या मोठ्यांच्या शाळेत ते पाक जुमादी आहेत ना?… अगं ते, स्टेशनसमोर गाड्या लावून देतात, शिट्टीवाले… हां, तेच. बावन्न वर्षांचे. त्यांना जीवशास्त्राचं पुस्तक कुठे मिळेना. मी म्हटलं, आमच्या मेनूरची सगळी पुस्तकं आहेत की जपून ठेवलेली. खाकी कव्हर, वर प्लास्टिक, त्यावर नाव… 'मेनूर, अकरावी, जीवशास्त्र'. उघडून कोण बघतंय? वरून पुसलं आणि नेऊन दिलं. काय मान वर करून दिलं गं मी… हसू नकोस… मेनूर, हसू नकोस, अजून पुढे आहे!

वर्गात. सगळ्यांसमोर. बाई म्हणाल्या, हृदयाचा धडा काढा, कोण वाचतंय? पाक जुमादींनी चष्मा लावला, मधलंच कुठलंतरी पान उघडलं आणि खणखणीत आवाजात सुरू… 'त्याने तिच्या केसांत अडकलेलं पान हळूच काढलं आणि तिचं हृदय धडधडू लागलं'… हो!… अगं, थांबतात कसले! हृदय आलं ना वाक्यात! त्यांना वाटलं, हाच तो धडा. दीड पान वाचलं… कुणी नाही थांबवलं. सगळे कान टवकारून. बाई तरी काय, सव्वीस वर्षांची पोर, तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, ओठ चावत उभी. शेवटी मला म्हणाल्या, "बू वार्तिनी, हे जीवशास्त्र कुठल्या सरकारचं?"

…हस, हस. घे हसून. मी घरी आले ती तडक स्टुलावर चढले. खोका खाली काढला. रसायनशास्त्र उघडलं… कादंबरी. इतिहास… कादंबरी. नागरिकशास्त्र… काय गं, नागरिकशास्त्रात तो मुलगा मरतो शेवटी! तरीच तू रडायचीस. आणि मी समोरच्या बू तुमिनीला सांगत फिरत होते, माझ्या पोरीला देशाची इतकी काळजी की नागरिकशास्त्र वाचून डोळ्यांत पाणी येतं… हो, सांगितलं होतं. अख्ख्या गल्लीला सांगितलं होतं. आणि एवढं जीवशास्त्र वाचून पोरीला गुण का पडत नाहीत म्हणून तुझ्या मास्तरांशी भांडून आले होते. बिचारा माणूस. भेटले तर एक पान पेचेल फुकट देईन.

…कोण? हां दादा, तिखट की बेताचं?… बसा, बसा, देते… नाही गं, तुला नाही. तू बोल.

…तेच सांगतेय. बाईंनी त्याच दिवशी फर्मान काढलं. प्रत्येकानं तरुण मुलामुलींची एक कादंबरी वाचायची आणि वर्गापुढे उभं राहून बोलायचं. गोष्ट सांगायची नाही म्हणाल्या, गोष्ट मला माहीत आहे. वाचताना तुमच्या आत काय झालं ते सांगा… आज! आज दुपारी दोन वाजता… हो ना. तीनशे माणसांना पेचेल वाढते मी, जीभ कधी अडखळत नाही, आणि वीस जणांपुढे उभं राहायचं म्हटलं की हात गार… जावं की नाही तेच कळत नाहीये… नाही, तब्येत बरी आहे. गोळी घेतली. तू औषधाच्या दुकानात लागलीस तेव्हापासून 'हॅलो'च्या आधी गोळी विचारतेस.

…किती वाचल्या? सांगितली होती एक. मी सात वाचल्या… तीन आठवड्यांत. दाणे सोलता सोलता. पानांना तेलाचे डाग पडलेत थोडे, आधीच सांगून ठेवते.

…आवडल्या का? कसं सांगू… अगं, त्यात घरात भांडी कोण घासतं? सात पुस्तकांत एकीनंही भात टाकला नाही. सगळ्यांना जेवण आपोआप मिळतं. आणि ती मुलं काय बोलतात गं! एका पानात जेवढं बोलतात तेवढं तुझे बाबा लग्न ठरवताना बोलले नव्हते. 'तुझ्या डोळ्यांत मला समुद्र दिसतो' म्हणे. तुझे बाबा एकदा म्हणाले होते, तुझ्या डोळ्याला काहीतरी लागलंय. चटणी होती.

आणि आयांचं काय ते? मी मोजलं. सात पुस्तकांत चार आया मेलेल्या, एक मलेशियात कामाला, आणि उरलेल्या दोघी नुसत्या ओरडतात. दाराला कान लावून ऐकतात आणि ओरडतात… हो, मी पण ओरडते, पण मी कारण असल्याशिवाय… बरं. बरं, कळलं.

पण खरं सांगू?… नाही, थट्टा नाही. मला वाटायचं, सोळावं वर्ष म्हणजे एक ताप आहे. येतो, आणि उतरला की सुटलो. मला तो आलाच नाही गं. पंधराव्या वर्षी शाळा सुटली, दुसऱ्या दिवशी तुझ्या आजीनं हातात मुसळ दिलं. कुणी केसातलं पान काढणारा नव्हता आणि मला वेळही नव्हता. आता पंचेचाळिसाव्या वर्षी वाचतेय, आणि त्या पोरी आरशापुढे उभ्या राहून रडतात, आपलं कुणाला काही कळतच नाही म्हणून… मला त्यांचं सगळं कळतं. मी त्यांच्याबरोबर रडते. काल बाबांनी विचारलं, कोण गेलं?

…एक मिनिट हं. काय ताई? तेम्पेचा पुडा? बांधते… थांबा, थांबा, हा कागद वाचून होऊ दे… अहो, जुनं वर्तमानपत्र असलं म्हणून काय झालं? 'हरवली आहे, पांढरी मांजर, एक कान काळा'… खालचं फाटलंय. सापडली की नाही कोण जाणे. हं, घ्या. जपून, गरम आहे.

…हो, वाचते आता. प्रत्येक कागद वाचते गुंडाळायच्या आधी. गिऱ्हाइकं वैतागतात… कधीपासून? अं… आठ दिवस झाले.

…कारण आहे. सांगते. मेनूर, खोक्यात तळाशी एक आहे ना… त्याच्यावरही कव्हर आहे, पण विषयच नाही लिहिलेला. नुसतं तुझं नाव. निम्मंच पुस्तक आहे ते. एकशे बारा पानं आणि पुढे काही नाही.

…हॅलो?… मेनूर?… आहेस ना?

…हो. तेच.

मी ते सगळ्यात शेवटी वाचलं. ती किरा, बाप रेल्वेत गार्ड, तिला दूरच्या गावी गाणं शिकायला जायचंय. मला वाटलं हेही बाकीच्यांसारखंच. मग ती पिशवी घेऊन स्टेशनवर उभी राहते. गाडी शिट्टी देते. एक पाय पायरीवर, आणि मागून कुणीतरी हाक मारतं… आणि संपलं. एकशे बारा. मी पान उलटते तर हाताला नुसता पुठ्ठा… पुढचं मीच फाडलं होतं. माझ्याच हातांनी, तेम्पे गुंडाळायला… कागद संपला होता ना त्या दिवशी, म्हणून…

नाही. खोटं बोलते मी. कागद ढीगभर होता. तू नापास झाली होतीस आणि गादीखाली मला ते सापडलं. मला वाटलं, मी पहाटे तीनला उठून दाणे कुटते ती काय याच्यासाठी? टराटरा फाडलं… आणि तू काहीच बोलली नाहीस गं. रडली असतीस, भांडली असतीस तर बरं झालं असतं. पुडे मी बांधत होते आणि तू गिऱ्हाइकांच्या हातात देत होतीस. एकेक पान. मी बघत होते… बघून न बघितल्यासारखं केलं. आठ वर्षं केलं.

त्यानंतर कव्हरं घालायला लागलीस ना?… वाटलंच. म्हणजे ते जीवशास्त्र मीच शिकवलं तुला.

…नाही, मला बोलू दे. चुकलं माझं. मेनूर, चुकलं. आईनं असं म्हणायचं नसतं, पण मी म्हणतेय. इथे, ठेल्यावर उभी राहून म्हणतेय… डोळ्याला काही नाही, कांदा आहे… तू पण? तुझ्याकडे कुठे कांदा आलाय?

…बरं, एक विचारू? मला आठ दिवस झोप नाही. हाक कुणी मारली?… तिच्यावर जीव टाकणाऱ्या त्या मुलानं की तिच्या आईनं?… सांग ना… म्हणजे?… म्हणजे तू तिथवर पोचलीच नव्हतीस?… कितव्या पानावर होतीस?… नव्वद. अरे देवा. म्हणजे तुला स्टेशनही माहीत नव्हतं तेव्हा.

…काय? कधी घेतलंस?… पहिल्या पगारात? म्हणजे तीन वर्षं झाली की! अख्खं आहे?… मग हाक कुणी मारली ते आधी नाही का सांगायचं!… वाचलं नाहीस? तीन वर्षं उशाशी ठेवलंस आणि उघडलं नाहीस?

…हं…

…हं… ऐकतेय मी. बोल.

…म्हणजे वाचून संपलं की माझ्यावरचा रागही संपेल, म्हणून. राग जपून ठेवला होतास होय? खाकी कव्हर घालून?… हसतेय मी. रडतेय आणि हसतेय. समोर दोन गिऱ्हाइकं बघतायत. बघा हो, माझी मुलगी आहे फोनवर! सुराबायाला असते!

…आता? आत्ता जवळ आहे तुझ्या?… काढलंस? एकशे तेरा?… थांब! नको! वाचू नकोस! मिट आधी ते… मिटलंस?… अगं हो, मला आत्ताच्या आत्ता पाहिजे आहे, तेम्पे करपतोय तरी मी इथे एका पायावर उभी आहे. पण नको. बाई म्हणाल्या ना, आत काय झालं ते सांगा. माझ्या आत जे झालं ते त्या निम्म्या पुस्तकानं झालं. तेच घेऊन जाते. उभी राहीन आणि सांगेन, हे मी वाचलं, आणि उरलेलं मी तेम्पेला गुंडाळून विकलं, आणि ते माझ्या मुलीचं होतं… हो, सगळ्यांसमोर. पाक जुमादींनी दीड पान वाचलं, तर मला एवढं जमायला काय झालं… हात? गारच आहेत. असू देत.

…जाणार, जाणार. नक्की जाणार. आता तर जाणारच.

तू असं कर. शनिवारी ये. सकाळच्या गाडीनं… सुट्टी मिळेल? माग. आई आजारी आहे म्हण… बरं, नको, खोटं नको. आईला शेवट ऐकायचा आहे म्हण. मी दाणे सोलते आणि तू मोठ्यानं वाच, एकशे तेरापासून. नव्वदपासून? बरं, नव्वदपासून. मला काय, पुन्हा ऐकेन. बाबांनाही बसवू. त्यांनाही कळू दे, माणसं किती बोलतात… पैज? लाव. तू म्हणतेस मुलगा. मी म्हणते आई… असेल! एकातरी पुस्तकात जिवंत आणि न ओरडणारी असेल की नाही ती!

…अहो हो दादा, देते, आलेच… मेनूर, ठेवते आता. आवरायचंय, केसांना तेलाचा वास मारतोय, वर्गात जायचंय… हो, गोळी घेतली! दोनदा सांगितलं!

…हो… हो… मलाही… अगं ऐक, ऐक, ठेवू नकोस. ते पुस्तक हातात धरून बस गाडीत. सगळ्या डब्याला नाव दिसू दे. कव्हर घालून आणू नकोस.