चावी नसलेला नळ

सरकारी दवाखान्यात बाळांच्या वॉर्डाबाहेर मी हात धुवायला थांबलो होतो. पुढं मुरुम गावचं एक म्हातारं जोडपं होतं.

“शिवकांता, हात धू. त्याबिगर सिस्टर नात दाखवणार न्हाय.”

“कसं धुऊ? नळाला चावीच न्हाय.”

“नुसते हात खाली धर. पानी वाचवायला तसला नळ बसवलाय म्हणं.”

“आलं की. पर साबण लावस्तोवर गेलं.”

“परत धर.”

“धरलेत. येईना.”

“सरक, म्या धरतो.”

“तुमच्याच्यानंबी येईना.”

तेवढ्यात दार उघडून सिस्टर बाळाला घेऊन आली.

“बाळाची आजी कोण?”

“म्या. पर हाताला साबण हाय.”

“मग लांबूनच बघा.”

“शिवकांता, पानी आलं बघ. धू हात.”

“थांबा ओ. बघू द्या.”