डावीकडच्या दोन खुर्च्या

वाद्यवृंदाच्या वर्षभराच्या तिकिटांसाठी रांगेत उभा होतो. पुढचं जोडपं कार्यक्रमांच्या यादीवर खुणा करत होतं.

"तू निवडलेल्या सहाच्या सहा कार्यक्रमांत तो चेलोवाला कसा?"

"वाद्यवृंदात चेलो असतोच, अहो."

"बाकीच्या चारांत तो नाहीये. नावं वाचलीत मी."

"क्लासमध्ये बरोबर होता, एवढंच. वीस वर्षांत बोललेही नाही त्याच्याशी."

"गेल्या वेळी तो वाजवत होता, तर मला खोकूसुद्धा दिलं नाहीस."

"बरं, तुम्ही निवडा."

"कार्यक्रम तुझेच राहू देत. खुर्च्या मी ठरवणार. तो उजवीकडे बसतो ना? आपण पार डावीकडे, भिंतीला लागून."

"बसू की."

"नंतर कुरकुर नको."

"मी कुठे करतेय?"

त्यांचा नंबर आला. खिडकीतल्या बाईंनी तिकिटं छापून पुढे सरकवली.

"छान जागा घेतल्यात. चेलोवाले डावीकडे तोंड करूनच बसतात. उजवीकडच्यांना नुसत्या पाठी दिसतात."

"बदलून मिळतील का?"

"छापल्यावर नाही मिळत."

"राहू द्या हो," बायको म्हणाली. "मी तर डोळे मिटूनच ऐकते."

"गेल्या वेळी उघडे होते."